पावसाळ्यात रायफल गंजू नये म्हणून: आधी पुसणं, मग तेल

गेल्या श्रावणात वाडीतल्या एका काकांनी त्यांची रायफल बघायला बोलावलं. कपाटातून काढली तेव्हा नळी तेलानं नुसती चकचकत होती. मी कोरडी चिंधी घेतली, माशीच्या, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या टोकाच्या, बुडाशी जरा दाबून फिरवली आणि त्यांना दाखवली. चिंधी विटकरी झाली होती. "अरे, दर रविवारी न चुकता तेल लावतो मी," काका म्हणाले, आणि ते खरंच होतं. पण तेल लावण्याआधी ते नळी पुसत नव्हते. आठवडाभराचा दमटपणा, हाताचा घाम आणि समुद्रावरून येणारा खारा वारा यांचा जो पापुद्रा लोखंडावर बसलेला असे, त्यावरच ते तेल चढवत होते. तेलाखाली गंज आरामात वाढत होता.

हा लेख त्यासाठीच लिहितोय. तेल कोणतं, यावर लोक तासभर वाद घालतात. माझ्या मते तेलाचा नंबर दुसरा. लोखंड कोरडं आणि स्वच्छ करणं हे पहिलं, आणि ऐंशी टक्के रायफली तिथंच बिघडतात.

मी वेंगुर्ला तालुक्यातला. समुद्र घरापासून दीड किलोमीटर. वडील सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी परवान्यावर थ्री-फिफ्टीन, म्हणजे .३१५ बोअरची बोल्ट ॲक्शन रायफल घेतली, म्हणजे मागचा दांडा (बोल्ट) हातानं ओढून काडतूस भरायची. त्यांच्यामागे रीतसर परवाना करून ती माझ्याकडे आली. आपल्या सरकारी कारखान्यांत बनणारी ही रायफल ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घडणीवर आहे. तिची मूळ थ्री-नॉट-थ्री (.३०३) लष्करी बोअर म्हणून सामान्य नागरिकाला मिळत नाही, त्यामुळे परवानाधारकांच्या घरात बहुतेक ही थ्री-फिफ्टीनच दिसते. पुढची सगळी माहिती तिला धरून आहे. बाराबोअर किंवा पॉइंट टू-टू (.२२) वापरणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, जिथं फरक आहे तिथं सांगतो.

गंज कुठून शिरतो

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो. पाणी म्हणजे पावसाचे थेंबच पाहिजेत असं नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर ओलाव्याचा न दिसणारा थर बसायला लागतो आणि गंजाचा वेग एकदम वाढतो. कोकणात जुलैत हवा नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. वर त्यात मीठ आलं की काम आणखी सोपं होतं, कारण मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते पाणी विजेचं वाहक बनतं. हे मीठ दोन वाटांनी येतं: समुद्राच्या वाऱ्यातून आणि आपल्या तळहातातून.

तळहाताची गोष्ट हलकी घेऊ नका. एकदा मे महिन्यात भावानं रायफल हातात घेऊन पाहिली आणि तशीच ठेवली. चौथ्या दिवशी काढली तर चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या भागाच्या, वरच्या बाजूला अंगठ्याचा ठसा उमटला होता, तांबूस, रेघा मोजता येतील इतका स्पष्ट. तेलानं चोळून रंग गेला, पण उन्हात तिरपी धरली की तिथला काळा मुलामा आजही जरा फिकट दिसतो.

त्या काळ्या-निळ्या मुलाम्याबद्दलही गैरसमज आहे. तो रंग नव्हे. रसायनांनी पोलादाच्या पृष्ठभागावर मुद्दाम आणलेला तो लोहाचाच एक ऑक्साईड आहे. तांबड्या गंजापेक्षा तो घट्ट असतो, पण त्याला बारीक छिद्रं असतात. तेल धरून ठेवायला ती छिद्रं उपयोगी पडतात, आणि तेल नसेल तर त्याच छिद्रांत पाणी बसतं. म्हणजे मुलामा आहे म्हणून रायफल सुरक्षित आहे असं नाही. मुलामा आणि तेल मिळून ते संरक्षण होतं.

तेल कोणतं

जुन्या इंग्रजी छावण्यांत रंगून ऑईल म्हणून तेल बंदुकांना लावत. ब्रह्मदेशातल्या जमिनीतून निघणारं ते खनिज तेल होतं. मुद्दा तोच आजही आहे: बंदुकीला खनिज तेल पाहिजे, खाण्याचं नको.

खोबरेल तेलाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण आमच्याकडे घरोघरी तेच लावतात. खोबरेल हवेत खवट होतं, खवट होताना त्यात आम्ल तयार होतं, आणि धूळ धरून त्याचं किटण बनतं. चोवीस अंशांच्या खाली ते गोठतं. पौषातल्या पहाटे बोल्टच्या आत गोठलेलं खोबरेल फायरिंग पिनचा धक्का मऊ करतं आणि काडतुसाच्या बुडातली ठिणगीची टोपी फुटत नाही. गोडंतेल, तीळतेल, एरंडेल, सगळ्यांची हीच गत कमी-जास्त.

शिवणयंत्राचं तेल हे हलकं खनिज तेल आहे आणि अडीनडीला चालतं. पण ते पातळ असतं, लवकर ओघळतं आणि त्यात गंजरोधक भर नसते. पावसाळ्यात त्याच्या भरवशावर राहायचं तर तीन-चार दिवसांनी परत लावावं लागेल. गाडीचं नवं इंजिन ऑईल वाईट नाही, जरा जाड आहे इतकंच. गाडीतून काढलेलं काळं ऑईल मात्र कधीच लावू नका, त्यात आम्लं आणि राख असते.

डब्ल्यूडी-४० चा फवारा घराघरात असतो. ते १९५३ साली क्षेपणास्त्रांच्या कवचावरचं पाणी हटवण्यासाठी बनवलेलं द्रव आहे आणि त्याचं तेच काम उत्तम आहे. भिजून आलेल्या रायफलीवर मारा, पाणी सुटून येईल. पण त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे राहणारा थर फार पातळ असतो. फवारून पुसल्यावर वरून बंदुकीचं तेल लावायचंच.

मी स्वतः काय वापरतो ते सांगतो. रोजच्या-आठवड्याच्या कामाला बंदुकीसाठीच म्हणून मिळणारं गंजरोधक खनिज तेल. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे छोटी बाटली मिळते आणि ती वर्षभर पुरते. दोन महिने रायफल हलणार नसेल तर साधं पेट्रोलियम जेली, औषधाच्या दुकानातलं, वास नसलेलं. लष्करातही लांबच्या साठवणीसाठी शस्त्रांना खनिज जेलीच फासत. ती ओघळत नाही हा तिचा मोठा गुण.

बाकी सामान थोडं आहे: प्लास्टिकचं आवरण असलेला किंवा एकसंध गज (नळीत घालायची लांब सळई), बोअरच्या मापाचा फॉस्फर ब्राँझचा ब्रश, जुन्या सुती धोतराच्या किंवा बनियनच्या धुतलेल्या चिंध्या, एक जुना दात घासायचा ब्रश, टूथपिक आणि चांगला उजेड. चिंधीचं कापड नवं नको. नव्या कापडाला खळ असते आणि ते तेल शोषत नाही.

सुरू करण्याआधी

काडतुसं त्या खोलीत नकोत. डबा बाहेर, कुलपात, मगच रायफल काढायची. नळीचं तोंड भिंतीकडे, ज्या भिंतीपलीकडे कोणी बसलेलं नाही. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि मग करंगळी घालून चाचपा. उजेड कमी असेल तर डोळा फसतो, बोट फसत नाही. लहान मुलं आजूबाजूला असतील तर काम दुसऱ्या वेळी करा. आणि हे काम परवानाधारकानं स्वतः करायचं. पुसणं, तेल लावणं हे आपलं. स्क्रू खोलून भाग बदलणं, कानस लावणं, मुलामा चढवणं ही दुरुस्ती झाली, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ती परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावी लागते.

आता मूळ काम

ली-एनफिल्ड घडणीत बोल्ट पूर्ण मागे ओढून त्याचं डोकं उजव्या बाजूनं वर उचललं की ते खाचेतून सुटतं आणि बोल्ट मागून निघून येतो. जोर लागत असेल तर थांबा, बोल्ट पूर्ण मागे आलेला नाही. बोल्टचं डोकं आट्यांवर बसलेलं असतं, ते फिरवत बसू नका, आणि घरात दोन रायफली असतील तर बोल्टची अदलाबदल कधीही करू नका. नंबर जुळवूनच बसवा.

बोल्ट निघाला की मागून सरळ नळीत गज घालता येतो. नेहमी मागूनच घालावा. नळीच्या तोंडाची कड ही गोळी सुटताना तिला शेवटचा स्पर्श करणारी जागा, आणि पुढून घातलेला गज तिथं घासून ती कड झिजवतो. पुलथ्रूचं, म्हणजे नळीतून चिंधी ओढायच्या दोरीचंही तसंच. दोरी तिरपी ओढली की वर्षानुवर्षांत ती नळीच्या तोंडाला खाच पाडते. ओढताना दोरी नळीच्या रेषेत सरळ पाहिजे आणि एका दमात ओढली पाहिजे.

पहिली चिंधी कोरडी. नुसती कोरडी, तेल नाही, रॉकेल नाही. ती काय घेऊन येते ते बघा. जुनं तेल पिवळसर येईल, धूळ राखाडी येईल, गंज असेल तर विटकरी येईल. या पहिल्या चिंधीवरूनच पुढचं ठरतं. पिवळी-राखाडी आली तर आणखी दोन-तीन कोरड्या चिंध्या, स्वच्छ निघेपर्यंत. विटकरी आली तर ब्रशवर तेल घेऊन आठ-दहा वेळा आरपार न्या, पाव तास थांबा, मग पुन्हा कोरड्या चिंध्या. ब्रश नळीच्या मधे उलटा फिरवायचा नाही. पूर्ण बाहेर काढून मगच परत आत.

नंतर तेलाची चिंधी. बाबांनी सैन्यातलं माप शिकवलं होतं: सफाईची चिंदी चार बाय दोन इंच, तेलाची चार बाय दीड. ते 'चिंदी'च म्हणायचे, पलटणीतल्या हिंदीप्रमाणे. तेलाची चिंदी लहान का, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मोठी चिंधी नळीत घट्ट बसते आणि लावलेलं तेल तीच पिळून पुढे ढकलते. लहान असेल तर ती सैल जाते आणि थर मागे ठेवते. त्या चिंधीवर पाच-सहा थेंब तेल घ्या, दोन बोटांत चोळून सगळीकडे पसरवा, आणि एकदाच सावकाश न्या. मग नळी उजेडाकडे धरून बघा. आतल्या आट्यांवर ओलसर चमक दिसली पाहिजे, थेंब किंवा तळी दिसता कामा नयेत.

चेंबर विसरला जातो. गज त्यातून सरळ निघून जातो, पण चेंबर नळीपेक्षा रुंद असल्यामुळे चिंधी त्याच्या भिंतीला लागतच नाही. एका काडीला जाड चिंधी गुंडाळून चेंबर वेगळा पुसायचा. तिथं गंजाचा एक खड्डा पडला तरी रिकामी पुंगळी अडकते, आणि मग ती ओढून काढताना एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे पुंगळी ओढणाऱ्या आकड्याची, नखी तुटते.

बोल्टकडे जरा वेळ द्या. तोंडावर, जिथं काडतुसाचं बूड टेकतं, तिथं जळक्या दारूची काजळी धरलेली असते. दात घासायच्या ब्रशानं ती काढा. एक्स्ट्रॅक्टरच्या नखीखाली टूथपिकला चिंधी लावून पुसा, गंज तिथं हमखास असतो, कारण कोणी तिथं जातच नाही. बोल्टच्या अंगावर तेलाचं बोट फिरवा. मागच्या बाजूला जिथं तो कुलूप होतो, त्या टेकणाऱ्या जागांवर डाळीच्या दाण्याएवढं ग्रीस. फायरिंग पिनच्या भोकात तेल ओतू नका. आत साठलेलं तेल धुळीबरोबर घट्ट होऊन पिनची चाल मंदावते. चापाच्या यंत्रणेला वर्षातून एक थेंब पुरे.

मॅगझिन आतून-बाहेरून पुसून कोरडं ठेवा, स्प्रिंगवर तेलाचा हात फिरवून लगेच दुसऱ्या चिंधीनं टिपून घ्या. मॅगझिनमधलं जादा तेल काडतुसांना लागतं, आणि तेल टोपीच्या कडेनं आत शिरलं की काडतूस वाजत नाही. काडतुसांना तेल कधीच लावायचं नाही. पितळ काळं पडलं तर कोरड्या फडक्यानं पुसा, बस.

शेवटी बाहेरची बाजू. आधी कोरडं फडकं, मग तेलाचं फडकं. तेलाचं फडकं म्हणजे थबथबलेलं नव्हे. एक चमचाभर तेल फडक्यावर घालून रात्रभर बंद डब्यात ठेवलं की ते सगळीकडे सारखं मुरतं, आणि असं एक फडकं महिनाभर जातं. माशीचं बूड, मागच्या साईटची पट्टी, पट्टा अडकवायच्या कड्या, चापाच्या कमानीची आतली बाजू, स्क्रूंच्या खाचा, या जागा वेगळ्या घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे लाकूड आणि नळी जिथं मिळतात ती रेषा. पावसाचं पाणी तिथं शिरतं आणि लाकूड ते आठवडे धरून ठेवतं. वरून नळी सुंदर दिसते, लाकडाखाली खड्डे पडत असतात. या रेषेवर मी पावसाळ्यापूर्वी पेट्रोलियम जेलीची बारीक वात भरतो, बोटानं दाबून, आणि वरचं जादा पुसून टाकतो. नळीवरचं पुढचं लाकूड घरी उतरवू नका. ली-एनफिल्डमध्ये ते लाकूड बसण्यावर नेम अवलंबून असतो, आणि दस्ता व पुढचं लाकूड ठरावीक क्रमानंच काढावं लागतं. क्रम चुकला की लाकूड चिरतं. एक-दोन वर्षांनी कारागिराकडून उतरवून आतली बाजू साफ करून घ्या, पैसे वसूल होतात.

तेल किती, याची माझी खूण अशी: नळीवर बोट फिरवा. बोट चमकलं पाहिजे, पण ते कागदावर टेकवल्यावर पारदर्शक डाग पसरता कामा नये. जादा तेल ओघळून लाकडात उतरतं आणि खनिज तेलानं लाकूड काळं आणि मऊ पडतं. म्हणून तेल लावल्यावर पहिली रात्र रायफल तोंड खाली करून, जाड फडक्यावर टेकवून, कपाटातच ठेवतो. जादा तेल नळीच्या तोंडातून फडक्यावर उतरतं.

लाकडाला वेगळं तेल, जवसाचं. वर्षातून एकदा, तळहातावर चार थेंब घेऊन गरम होईपर्यंत चोळायचं आणि दुसऱ्या दिवशी कोरडं पुसायचं. इथं एक धोका फार कमी लोकांना ठाऊक आहे. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. तेलाचा बोळा करून कोपऱ्यात टाकलेली चिंधी तापत तापत आपोआप पेट घेऊ शकते. ती चिंधी अंगणात दोरीवर पसरून पूर्ण वाळू द्या किंवा पाण्यात भिजवून मगच टाका.

गोळी झाडून आल्यावर, आणि झाडण्याआधी

आता बनणाऱ्या बहुतेक काडतुसांची टोपी क्षारविरहित असते, पण लोकांच्या घरात फार जुना साठाही सापडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की मागे पोटॅशियम क्लोराईड राहतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. आपल्या हवेत एका रात्रीत ते नळी लाल करतं. आणि तेल किंवा रॉकेल त्याला विरघळवत नाही. मीठ पाण्यातच विरघळतं. म्हणून काडतुसाच्या जातीबद्दल जरा जरी शंका असेल तर त्याच संध्याकाळी नळी पाण्यानं धुवा. पुष्कळांना हे ऐकून धक्का बसतो, पण ब्रिटिश लष्कर थ्री-नॉट-थ्रीच्या नळीत नरसाळ्यानं उकळतं पाणी ओतत असे. बोल्ट काढून, चेंबरकडून, लिटरभर उकळतं पाणी. लाकडावर पडू देऊ नका. नळी इतकी तापते की पाणी आतल्या आत सुकतं. लगेच दोन-तीन कोरड्या चिंध्या आणि तेल. बोल्टचं तोंड आणि एक्स्ट्रॅक्टरही गरम पाण्याच्या चिंधीनं पुसा, तिथंही तेच मीठ असतं.

काडतूस कुठलंही असो, दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी नळीतून कोरडी चिंधी काढून बघा. पहिल्या दिवशी नळीतल्या बारीक खाचांत राहिलेली काजळी हळूहळू वर येते. "नळी आरशासारखी दिसली म्हणून फसू नको, उद्या परत विचार तिला," असं बाबा म्हणायचे.

झाडण्याआधी याच्या उलट करायचं. नळीतलं आणि चेंबरमधलं सगळं तेल कोरड्या चिंधीनं काढून टाका. चेंबर तेलकट असेल तर पुंगळी भिंतीला पकड घेत नाही आणि स्फोटाचा मागचा सगळा रेटा बोल्टवर येतो. नळीत जेली किंवा ग्रीस साठलेलं असेल तर नळी फुगण्यापर्यंत मजल जाते. जेली फासून ठेवलेल्या रायफलीच्या बोल्टला मी कागदाची चिठ्ठी बांधतो: 'नळीत जेली आहे'. आपण लक्षात ठेवू, या भरवशावर राहायचं नाही.

पॉइंट टू-टूच्या नेमबाजांनी यातलं बरंच हलक्या हातानं घ्यावं. त्या काडतुसाला शिशाची, मेण लावलेली गोळी असते आणि सारखं ब्रशानं घासून नळीचं नुकसानच होतं. स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझपदक जिंकल्यापासून आपल्याकडे कितीतरी मुलं रायफल शूटिंगला लागली आहेत. त्यातली बहुतेक एअर रायफलनं सुरुवात करतात, म्हणून एक सांगतो: स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये हवेच्या नळकांड्यात खनिज तेल सोडू नका. दाबानं तापून ते आतच पेटतं आणि सील जळतं. तिथं उत्पादकानं सांगितलेलं सिलिकॉन तेलच.

ठेवायची कुठं

चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या खोळीत रायफल महिनोन्महिने ठेवू नका. खोळ नेण्या-आणण्यासाठी असते. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेली रसायनं त्यात असतात, आणि फोमची पेटी तर ओल्या पावासारखी चिकटून बसते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधणं त्याहून वाईट, आतली ओल आतच फिरते. लोखंडी कपाटात, कुलपात, भिंतीपासून चार बोटं दूर, खाली लाकडी पट्टी देऊन उभी ठेवा. जुने लोक कपड्यांच्या कपाटात पंधरा वॅटचा दिवा लावत. युक्ती अजूनही चांगली आहे, आतली हवा दोन-तीन अंशांनी गरम राहिली की आर्द्रता उतरते. मात्र दिवा लाकडाला किंवा तेलकट फडक्याला टेकता कामा नये, आणि वायरिंग जुनं असेल तर हा नाद नको.

मी सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे खडे वापरतो, अर्धा किलो, सुती पिशव्यांत भरून. नारिंगी रंगाचं घ्या, ते ओलं झालं की हिरवट होतं. निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, ते विषारी. हिरवं झालं की जुन्या पत्र्याच्या ताटात पसरून ११०-१२० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये तापवा, रंग परत येतो. ते ताट परत स्वयंपाकात नको. आमच्याकडे आषाढात हे दर दहा-बारा दिवसांनी करावं लागतं. कपाट वारंवार उघडलं तर आठवड्यातच.

मुंबई-पुण्यात एसीच्या खोलीत ठेवणाऱ्यांना वेगळा त्रास होतो. थंड रायफल बाहेरच्या दमट हवेत आणली की उसाच्या रसाच्या ग्लासासारखी तिला घाम फुटतो, बोल्टच्या आतसुद्धा. बाहेर आणल्यावर खोळीत तशीच अर्धा तास राहू द्या, बाहेरच्या हवेच्या तापमानाला येऊ द्या, मग खोळीतून काढून पुसा.

निवडणुकीत जमा करताना

आचारसंहितेच्या काळात शस्त्र जमा करायला सांगितलं तर परत येईपर्यंत दीड-दोन महिने जातात. एकदा माझी परत आली तेव्हा नळीवर एक बारीक गोल तांबडी रेघ होती, बांगडीसारखी. ओळखीची चिठ्ठी सुती दोऱ्यानं थेट नळीला बांधली होती. दोरा हवेतली ओल पीत राहिला आणि नळीला देत राहिला. तेव्हापासून मी स्वतःच तयारी करून देतो. नळीत आणि बाहेरून जेलीचा हात, त्यावर गंजरोधक कागद गुंडाळून, आणि चिठ्ठी आधीच चापाच्या कमानीला नायलॉनच्या दोऱ्यानं बांधलेली. पावतीवर रायफलीची स्थिती लिहून घेतो. परत आल्यावर त्याच दिवशी सगळं पुसून, कोरडी चिंधी काढून, नवं तेल. दुसऱ्या दिवसावर टाकत नाही.

गंज पडलाच तर

घाबरून पॉलिश पेपर उचलू नका. विटेची पूड, राख, चिंच, लिंबू यांतलं काहीही नको. भांडी घासायची अक्कल इथं उलटी पडते: गंज काढणारं कुठलंही आम्ल मुलामाही काढतं, कारण दोन्ही लोहाचेच ऑक्साईड. बाजारातल्या गंज काढायच्या द्रावांतही फॉस्फरिक आम्ल असतं, तेही या कामाला नाही.

डागावर तेल भरपूर लावा आणि एक दिवस सोडून द्या. दुसऱ्या दिवशी चार-शून्य नंबरची सगळ्यात बारीक स्टील वूल तेलात बुडवून, वजन न देता, लहान गोल फिरवा. दहा-वीस फेऱ्यांनी तेल तांबडं होईल, ते पुसा, नवं तेल घ्या. वरवरचा गंज असेल तर काळा मुलामा तसाच खाली सापडतो. नखाला खड्डा लागत असेल तर तो भरून येणार नाही, तो तिथंच थांबवायचा इतकंच आपल्या हातात. नळीच्या आत किंवा चेंबरमध्ये खड्डे दिसले तर गोळी न झाडता कारागिराला दाखवा.

वर्षाचं पंचांग

माझं वर्ष मे अखेरीला सुरू होतं. मृग लागायच्या आत पूर्ण सफाई, लाकडाच्या रेषेत जेली, सिलिका जेल तापवून तयार. जून ते सप्टेंबर दर रविवारी कपाट उघडून कोरडं फडकं आणि तेलाचं फडकं, पंधरा दिवसांनी नळीतून एक कोरडी आणि एक तेलाची चिंधी. दहा मिनिटांचं काम. ज्या दिवशी पाऊस धोधो असेल त्या दिवशी रविवार असला तरी कपाट उघडत नाही, उघडीप पडल्यावर करतो, नाहीतर बाहेरची सगळी ओल आत घेतल्यासारखं होतं. हिवाळ्यात महिन्यातून एकदा पुरतं.

आणि खंडेनवमी. शस्त्रपूजा आमच्या घरात कधी चुकली नाही, चुकणारही नाही. पण ओलं गंध, हळद-कुंकू, दूध-पाण्याचे थेंब आणि वर ओला झेंडू, हे सगळं पोलादावर रात्रभर राहिलं की काय होतं ते मी बघितलंय. बाबांच्या वेळी नळीवर एक फूल सकाळपर्यंत राहिलं, आणि ते उचललं तर देठाच्या जागी मसुराएवढा तांबडा ठिपका होता. तेव्हापासून पूजेच्या आदल्या दिवशी नळीला नेहमीपेक्षा जरा जास्त तेल असतं, रायफल पाटावर कोऱ्या सुती कापडावर ठेवतो, गंधाचं बोट आणि कुंकू दस्त्याच्या लाकडाला लावतो, आणि झेंडू व आपट्याची पानं पाटावर, तिच्या शेजारी. आरती झाली, नारळ फुटला की घरातले जेवायला बसायच्या आधी मी कोरडं फडकं घेऊन बसतो. हल्ली माझा मुलगा तेलाची बाटली घेऊन शेजारी येतो. थेंब मोजून चिंधीवर टाकायचं काम त्याच्याकडे आहे.